ऐंशीची गाडी आणि उजवी लेन : ओरोस-कुडाळ पट्ट्यातलं एक प्रकरण

नुकसान म्हणाल तर किरकोळ. डावा आरसा गेला, पुढच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा आला आणि मागच्या सीटवर कोकमाच्या आगळाची बाटली फुटली. पोलिसात तक्रार नाही, विम्याचा क्लेम नाही. तरीही हे प्रकरण लिहून ठेवतोय. आमच्या गाडीला पुढे-मागे कॅमेरा असल्यामुळे सगळा प्रकार सेकंदासेकंदाने हाताशी आहे, आणि तो बघताना चूक कोणाची याबद्दल माझं मत दोनदा फिरलं.

कणकवलीत माझा भाड्याच्या गाड्यांचा धंदा आहे. चार गाड्या, पाच ड्रायव्हर. मे महिना आणि गणपती ही आमची सुगी. त्या दिवशीचं भाडं मोपा विमानतळाचं होतं : मुंबईहून गावी आलेलं जोडपं आणि त्यांची आजी. आजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत आगळाची बाटली. डिकीत ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, आडवी होईल. गाडीवर तात्या होते. तात्या आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, वय छप्पन्न, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही अपघात नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तात्या बेफिकीर आहेत असा समज व्हायला नको.

ओरोस सोडून कुडाळकडे जाताना मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी आणि काँक्रीटचा आहे, मध्ये डिव्हायडर. सकाळचे दहा वाजायला आले होते. ऊन चढलेलं, रस्ता कोरडा. पुढे एक पार्सलचा ट्रक साधारण सत्तरने चालला होता. तात्यांनी इंडिकेटर देऊन गाडी उजवीकडे घेतली आणि ओव्हरटेक सुरू केला. तो सुरू झाला तो क्षण शून्य धरू.

विसाव्या सेकंदाला मागच्या कॅमेऱ्यात एक पांढरी, मोठी खासगी गाडी दिसते. येताना तिचा वेग शंभराच्या वर असावा. ती मागे येऊन चिकटली आणि डिपर मारायला लागली. पंचविसाव्या सेकंदाला तात्यांनी ट्रक पार केला. डावी लेन मोकळी. लांब पुढे, साडेतीनशे मीटरवर, चिरे भरलेला डंपर पन्नासच्या आसपास रेंगाळत होता. तात्या उजवीकडेच राहिले. मागून पुन्हा डिपर. मग हॉर्न. पुन्हा डिपर. आमच्या स्क्रीनवर वेग ऐंशी, ना कमी ना जास्त.

चव्वेचाळिसाव्या सेकंदाला मागच्याचा धीर सुटला. त्याने गाडी डावीकडे काढली आणि डावीकडूनच पुढे घुसला. नेमकं त्याच सेकंदाला तात्यांनी आतल्या आरशात पाहिलं, मागे कोणी दिसलं नाही, आणि तेही डावीकडे वळायला लागले. इंडिकेटर दिला, पण स्टिअरिंगबरोबरच दिला, आधी नाही. त्याच वेळी डाव्या कडेने समोरून एक स्कूटर आली. रॉंग साईड. पायांमध्ये गॅसचा सिलिंडर धरून एक गृहस्थ संथपणे येत होते. पांढऱ्या गाडीवाल्याने त्यांना वाचवायला गाडी उजवीकडे दाबली, आणि तिथे आम्ही होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. आरसा लटकला. दोन्ही गाड्या कडेला थांबल्या. तात्यांनी मागे वळून पाहिलं तर आजींच्या मांडीवर, साडीवर, सीटवर सगळं लालभडक. तात्या सांगतात, त्या एका क्षणात त्यांच्या हातापायातलं बळच गेलं. मग वास आला. आजी स्वतः अगदी शांत होत्या. त्यांची तक्रार एकच : बाटली गेली. सिलिंडरवाले गृहस्थ दहा सेकंद थांबले, सगळे धड आहेत असं पाहिलं आणि होते त्याच दिशेने निघून गेले.

रस्त्याच्या कडेला जी हुज्जत झाली तीत नियम आपल्याच बाजूने आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. पांढऱ्या गाडीवाला म्हणाला, तुम्ही फास्ट लेन अडवून ठेवली. तात्या म्हणाले, तू डावीकडून आलास. मग तो म्हणाला, ऐंशीने चालायचं तर या लेनमध्ये कशाला येता? त्यावर तात्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत : "मी ऐंशीच्या वर जाऊकच शकत नाय. गाडयेचे पायच बांधलेले. तुका घाई आसा, त्येत माझो काय दोष?"

गाडीचे पाय बांधलेले असतात हे खासगी गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं. २०१५ मध्ये केंद्राने व्यावसायिक गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र, सक्तीचा केला : साधारण गाड्यांना ८० चा, डंपर, टँकर आणि स्कूलबसना ६० चा. टॅक्सींना तेव्हा सूट होती, ती मे २०१७ पासून गेली. आता टॅक्सीसाठी म्हणून घेतलेली गाडी ८० चा लगाम घेऊनच येते. पिवळ्या नंबरपाटीची गाडी ऐंशीला पोचली की तुम्ही पेडल जमिनीला टेकवा, इंजिन नुसतं गुरगुरतं. पासिंगला गेलं की आरटीओत गव्हर्नर चालू आहे का ते बघतात. तो काढून टाकणारे लोकही आहेत. आम्ही काढत नाही.

दुसरीकडे २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने चौपदरी, डिव्हायडर असलेल्या रस्त्यावर कारला १०० ची कमाल मर्यादा दिली, मालवाहू गाड्यांना आणि मोटरसायकलला ८० ची, रिक्षाला ५० ची. राज्याला जागेनुसार याहून कमी वेग ठरवता येतो, आणि गावागावाजवळ तशा पाट्या आहेतही. पण मोकळ्या पट्ट्यात चित्र असं की प्रत्येक दिशेला साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोनच लेन आणि त्यांत कायद्यानेच शंभरची कार, ऐंशीची टॅक्सी, साठचा डंपर आणि पन्नासची रिक्षा. पांढऱ्या पाटीला पिवळी पाटी मुद्दाम अडवतेय असं वाटतं, आणि पिवळ्या पाटीला पांढरी पाटी माजलेली वाटते.

त्या संध्याकाळी पडवीत बसून आम्ही व्हिडिओ पाहिला. मी, तात्या आणि पुण्याहून आलेला माझा भाचा. पहिल्यांदा फक्त पुढचा कॅमेरा पाहिला. त्यात डावीकडून अचानक एक गाडी येते आणि घासते एवढंच दिसतं. माझा निकाल लागला : शंभर टक्के चूक त्याची. ओव्हरटेक उजवीकडून करायचा हा मूळ नियम, आणि वर तो मागे इतका चिकटलेला की नंबर वाचता यावा. ऐंशीला दोन सेकंदांचं सुरक्षित अंतर म्हणजे ४४ मीटर. तो गाडीच्या तीन लांब्यांवर होता.

भाचा म्हणाला, "मामा, मागचा कॅमेरा लावा." लावला. मग म्हणाला, "आता पंचवीस ते पंचेचाळीस मोजा."

वीस सेकंद. ऐंशीच्या वेगात वीस सेकंद म्हणजे जवळजवळ साडेचारशे मीटर. तेवढा वेळ डावी लेन रिकामी होती आणि आम्ही उजवीकडे चाललो होतो, मागच्याचे दिवे दिसत असताना. माझं मत इथे पहिल्यांदा फिरलं. वेगमर्यादा पाळली म्हणजे उजव्या लेनवर बसायचा हक्क मिळाला असं नसतं. हे दोन वेगळे नियम आहेत. मागचा शंभरने जातोय की एकशेवीसने, त्याला पावती फाडायचं काम पोलिसांचं आहे, तात्यांचं नाही. मी हे तात्यांना स्पष्ट बोललो. ते काही वेळ गप्प बसले.

मग त्यांनी मला कागद-पेन मागितलं. सत्तरने चाललेल्या ट्रकला ऐंशीने पार करायला किती वेळ लागतो ते काढा, म्हणाले. काढलं. मागे तीस मीटर सोडून सुरुवात, ट्रक दहा मीटर, आपली गाडी साडेचार, पुढे पंचवीस मीटर सोडून परत डावीकडे. म्हणजे ट्रकच्या तुलनेत सत्तर मीटर पुढे जायचं. वेगातला फरक ताशी दहा किलोमीटर, सेकंदाला पावणेतीन मीटर. पंचवीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटर रस्ता खाते. हाच ओव्हरटेक शंभरच्या कारने केला तर साडेआठ सेकंदांत आणि दोनशे तीस-पस्तीस मीटरवर मिटतो. आता पुढे आणखी एक ट्रक असेल, मग डंपर, मग रिक्षा, तर ऐंशीच्या गाडीला नियमाने वागायचं तर दर अर्ध्या मिनिटाला आत-बाहेर करायला हवं. तात्यांना डंपर दिसत होता. पुन्हा बाहेर यायचंच आहे तर आत कशाला जा, हा त्यांचा हिशेब. आणि एकदा आत गेलं की मागचा सगळा लोंढा निघून जाईपर्यंत कोणी बाहेर येऊ देत नाही. पन्नासच्या डंपरमागे पन्नासने चालत राहायचं. हे मी स्वतः अनुभवलंय, ते खोटं नाही.

डाव्या लेनबद्दल तर ते त्याहून सरळ बोलले. "डावीकडसून माणसा येतत, ढोरा येतत, एसटी थांबता, रिक्षा वळता. उजव्या बाजूक निदान डिव्हायडर तरी आसा, तो काय अंगावर येणा नाय."

यावर हसू आलं, पण खरी गोम इथेच आहे. तात्या गाडी शिकले ती जुन्या एनएच-१७ वर. (नंबर बदलून ६६ झाला तरी त्यांच्या तोंडी अजून सतराच आहे.) तो रस्ता दुपदरी, डांबराची कड खचलेली, एक चाक कडेवरून उतरलं की गाडी खाली. तेव्हाचे उस्ताद पोरांना सांगायचे, मध्यावर चालव, समोरून आला तरच कड दाखव. पुढे रस्ता चौपदरी झाला, मध्ये डिव्हायडर आला, आणि 'मध्य' आपोआप उजवी लेन झाला. रायगडात २०११ ला सुरू झालेलं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं ती गोष्ट वेगळी, पण आमच्या सिंधुदुर्गात चांगला रस्ता त्या मानाने लवकर मिळाला. चांगल्या रस्त्यावर कसं चालायचं ते मात्र कोणी शिकवलं नाही. लायसन्सच्या टेस्टला भर असतो तो आठचा आकडा काढण्यावर.

आणि डावी लेन तशी आहेच. कोकणात महामार्ग गावाच्या पोटातून जातो. वाडी या बाजूला, शाळा त्या बाजूला, देऊळ आणखी कुठे. सर्व्हिस रोड तुकड्यातुकड्यांत. त्या सिलिंडरवाल्या गृहस्थांना नियमाने जायचं असतं तर डाव्या बाजूने पुढचा कट गाठून, वळून, मागे यावं लागलं असतं, दोन-तीन किलोमीटरचा फेरा. ते सरळ पाचशे मीटर रॉंग साईडने आले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेने गाडी चालवणं 'धोकादायक ड्रायव्हिंग'मध्ये मोडतं, हजार ते पाच हजार दंड आणि कैदसुद्धा होऊ शकते. हे त्या गृहस्थांना माहीत असतं तरी ते त्याच वाटेने आले असते, कारण घरी गॅस संपला होता. माझं मत दुसऱ्यांदा फिरलं ते इथे. तात्या उजव्या लेनला चिकटतात ते मुजोरीने नाही. डाव्या लेनवर त्यांचा विश्वास नाही.

विश्वास नाही म्हणून वीस सेकंद माफ होत नाहीत, हेही खरं.

भाच्याचं म्हणणं निराळंच होतं. त्याच्या मते मूळ दुखणं वेगमर्यादा. रस्ता शंभरच्या हिशेबाने बांधायचा आणि पाटी ऐंशीची लावायची, मग लोक पाटी मानत नाहीत. त्याने जर्मनीचं उदाहरण दिलं. तिथल्या ऑटोबानवर बऱ्याच भागात मर्यादाच नाही, १३० ही नुसती शिफारस. मी म्हटलं, पूर्ण सांग. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, आणि ओव्हरटेक झाला की परत उजवीकडे येणं कायद्याने बंधनकारक आहे. उजवीकडून पुढे घुसायला मनाई. वेगाची सूट तिथे लेनच्या शिस्तीवर उभी आहे. आपल्याला सूट आधी हवी आणि शिस्त सवडीने.

मग त्याने अमेरिकेतला १९६४ चा सॉलोमन यांचा अभ्यास काढला. सरासरी वेगापेक्षा फार जोरात किंवा फार सावकाश जाणाऱ्या, दोन्ही गाड्यांना अपघाताचा धोका जास्त, असा तो निष्कर्ष. म्हणजे तात्यांची ऐंशीची गाडीही धोकादायक. हा मुद्दा मला बरेच दिवस पटलेला होता. पण त्या अभ्यासावर नंतर जे काम झालं ते जास्त बोलकं आहे : वळणाऱ्या गाड्या आकडेवारीतून वजा केल्यावर सावकाश गाड्यांचा धोका बराच खाली आला. म्हणजे अडचण सावकाश चालण्यात कमी आणि वळण्यात, घुसण्यात, बाहेर पडण्यात जास्त. आमच्या डाव्या लेनचं याहून नेमकं वर्णन मी केलं नसतं.

वेग वाढवा म्हणणाऱ्यांना मी एकच हिशेब सांगतो. रस्ते आखताना आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसचे (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) आकडे धरतात. चालकाला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत ८० च्या वेगाला १२० मीटर लागतील असं मानतात, आणि १०० च्या वेगाला १८०. वेग पाव पटीने वाढला, अंतर दीडपट झालं. धडकेतली ताकद तर वेगाच्या वर्गाने वाढते, तीही दीडपटीहून जास्त. आणि मिळतं काय? साठ किलोमीटरला नऊ मिनिटं. मोपाच्या विमानाला नऊ मिनिटं लवकर निघणं हा त्यावरचा तोडगा, पण चाकरमान्याचा पाय घरातून निघत नाही हेही मला माहीत आहे. निघताना देवाला नारळ, मग फणसाचे गरे बांधून दे, मग शेजारच्या काकी.

सपाट आणि हलक्या चढउताराच्या प्रदेशात चौपदरी रस्ता शंभरच्या हिशेबाने आखतात, डोंगराळ भागात साठच्या. एकाच महामार्गावर परशुराम घाटही आहे आणि कुडाळचा सरळ पट्टाही. त्यामुळे सरसकट एक आकडा वाढवा किंवा कमी करा या वादात मला रस उरलेला नाही. भाच्याला आहे. त्याचं म्हणणं, मामा धंद्याच्या बाजूने बोलतो, कारण मामाच्या गाड्या ऐंशीच्याच आहेत. असेलही.

दोष वाटायचाच झाला तर त्या सेकंदाची चूक पांढऱ्या गाडीची मोठी आहे. डावीकडे डंपर दिसत असताना, कडेला काय आहे ते न बघता, शंभराच्या वेगाने तो आत घुसला. पण तो सेकंद तयार झाला तो आमच्या वीस सेकंदांतून. आणि शेवटी वळताना तात्यांनी बाहेरचा आरसा पाहिला नाही, ही चूक निव्वळ आमची. "मागचो दिसेनासो झालो, म्हटलं ऱ्हवलो मागे," असं ते म्हणाले. दिवे मारणारा माणूस अचानक दिसेनासा होतो तेव्हा तो मागे राहिलेला नसतो, बाजूला आलेला असतो. हे वाक्य मी आता प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतो.

धंद्यात आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली : पार केलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाईट आतल्या आरशात दिसले की बाहेरचा आरसा बघायचा आणि डावीकडे यायचं. पुढे डंपर असो वा नसो. दुसरी जरा कटकटीची : समोरचा सत्तरच्या वर चालत असेल तर मागे गाड्या नसतानाच त्याला पार करायचं. नसेल जमत तर राहायचं त्याच्या मागे. गिऱ्हाईक कुरकुरतं. एकाने विचारलंही, ड्रायव्हर शिकाऊ आहे का. चारपैकी तीन गाड्यांवर हे पाळलं जातं. चौथीचा पोरगा माझ्यासमोर पाळतो, आणि कॅमेऱ्याचं कार्ड मी दर आठवड्याला काढतो हे त्याला ठाऊक आहे.

जूनच्या शेवटी मी तात्यांबरोबर सावंतवाडीला निघालो. पाऊस लागला होता. डाव्या लेनच्या कडेला तांबडं पाणी साचलेलं, मध्येच मातीचा ओघळ आडवा आलेला. पिंगुळीच्या अलीकडे एक टेम्पो पार केला. तात्यांनी आतल्या आरशात पाहिलं, मग बाहेरच्या, इंडिकेटर टिकटिकला, आणि आम्ही डावीकडे आलो. पन्नास मीटरवर एसटी थांबलेली. माणसं छत्र्या मिटत उतरत होती, एक छत्री अर्ध्या लेनमध्ये. तात्यांना ब्रेक लावून जवळजवळ थांबावं लागलं. तेवढ्यात मागून एक गाडी उजव्या लेनमधून आमच्या काचेवर पाणी उडवत सुसाट गेली.

"गेलो बघा," तात्या म्हणाले. "हात पण दाखवूक नाय."

मग इंडिकेटर देऊन, आरसा बघून, त्यांनी गाडी एसटीच्या मागून पुन्हा बाहेर काढली.